एक मीटर बाय एक मीटर

साधना हटवार बावीस वर्षं जगभरच्या पोरांना माती खणायला शिकवत होती. जॉर्डन, तुर्की, ओमान, एकदा पेरू. एखादं विद्यापीठ उत्खनन काढायचं, विद्यार्थ्यांना हाताला धरून शिकवणारं माणूस शोधायचं, आणि साधना दोन-तीन महिन्यांसाठी बॅग भरून निघायची. थापी जमिनीला कशी आडवी धरायची, थर बदलला हे रंगाच्या आधी हाताला कसं कळतं, खड्ड्याची भिंत ओळंब्यात कशी ठेवायची, हे ती शिकवायची. हंगाम संपला की पोरं आपापल्या देशी जायची. पहिलं वर्षभर पत्रं यायची, मग थांबायची. त्याचं तिला फार वाटत नसे. दुसऱ्या हंगामाला दुसरी पोरं असायचीच.

ऑगस्टमध्ये भिलाईला तिचे वडील मोरीत घसरून पडले. पंजाबरावांचं वय एकोणऐंशी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांसाठी आलेली साधना नोव्हेंबर लागला तरी नेहरू नगरच्या घरातच होती. तिने लग्न केलं नव्हतं, भाऊबहीण कोणी नव्हतं आणि आई वच्छला चार वर्षांपूर्वी गेली होती. त्या वर्षीचा हंगाम तिने फोनवरच सोडला.

पंजाबराव साकोलीकडच्या गावातून एकविसाव्या वर्षी इथे आले, पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये लागले आणि सदतीस वर्षं तिथेच राहिले. आता वयापायी कान गेले होते. डाव्या कानाशी ओरडून बोललं तरच थोडंफार कळायचं. मशीन आणून दिलं होतं, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून ते डब्यातच पडून असे. त्यामुळे या घरात हळू बोलायची सोय नव्हती. "गोळी घेतली का?" हेही शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असं विचारावं लागे. अशा आवाजात माणूस किती आणि काय बोलणार? दिवसाकाठी दहा-बारा वाक्यं होत. गोळी, जेवण, दूधवाला, गरम पाणी.

वडिलांना तिचं काम कधी उमगलं नव्हतं, आवडलंही नव्हतं. एकदाच, पीएचडी झाल्यावर, ते म्हणाले होते, "आमी माती सोडली, लोखंडात आलो. अन् तू इतकं शिकून परत मातीत जाऊन राहिली." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

तिने पूर्वी जिथे शिकवलं होतं अशा एका विद्यापीठाने ऑक्टोबरअखेर फोनवर विचारलं, की घरबसल्या शिकवाल का? परदेशी उत्खननाला जाण्याइतके पैसे नाहीत, किंवा व्हिसा मिळत नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम होता. तेवीस जण, चौदा देश. प्रत्येकाने आपल्याच आसपास परवानगी काढून एक मीटर बाय एक मीटर खड्डा घ्यायचा आणि कॅमेऱ्यासमोर खणत शिकायचं. घाना, फिनलंड, चिली, जपान, मॉरिशस. शिकवणारीनेही आपला खड्डा खणून दाखवायचा.

साधना लगेच हो म्हणाली. त्या महिन्यात तिच्याशी साध्या आवाजात, तिच्या कामाबद्दल बोललेलं ते पहिलंच माणूस होतं.

तिने मागच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीपासून दोन हातांवर, जागा निवडली. चार खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, कर्ण मोजून काटकोन तपासला. कामाला येणारी मैनाबाई भांडी घासता घासता उठून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दीदी, ए गड्ढा काबर कोड़त हव?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "बाबूजी तो अभी बने हे."

आजारी माणसाच्या घरात खड्डा का खणता, बाबूजी तर बरे आहेत की अजून! साधना हसली आणि शिकवण्यासाठी आहे म्हणून सांगितलं. मैनाबाईचं समाधान झालं नाही. ती त्या बाजूने जायचं टाळू लागली.

पंजाबराव मागच्या व्हरांड्यात वॉकर समोर ठेवून उन्हाला बसत. तिथून त्यांना सगळं दिसे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कावून खणून राहिली?"

"पोरांना शिकवायचंय!" ती ओरडली.

"कोणती पोरं?"

तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. त्यांनी बराच वेळ तिकडे पाहिलं आणि तोंड उन्हाकडे फिरवलं.

तास दुपारी चारला असे. चिलीत तेव्हा सकाळ, जपानात संध्याकाळ उलटलेली. स्टँडवर लावलेला कॅमेरा खड्ड्याकडे वळवून साधना गुडघ्यांवर बसायची आणि बोलू लागायची. तेव्हा ती वेगळीच बाई असायची. मोकळी, थट्टेखोर, भराभरा बोलणारी. फिनलंडच्या मुलाच्या खड्ड्यात बटाटे निघाले तर त्यांचीही नोंद करायला लावायची. घानाच्या मुलीचा खड्डा वाकडा झाला तर स्वतःचा पहिला खड्डा किती वाकडा होता ते सांगायची. एक नियम ती रोज म्हणून घ्यायची. जे दिसतं ते आधी लिहा, जे वाटतं ते नंतर. दीड तासाने तेवीस चौकटी एकेक करून विझायच्या. शेवटची गेली की पडद्यावर तिचाच चेहरा उरायचा, मागे व्हरांडा, आणि व्हरांड्यात पाठमोरा म्हातारा.

मग ती लॅपटॉप मिटून वडिलांसाठी चहा ठेवायची. त्यांच्यासमोर बसून प्यायची. ते बशीत ओतून पीत. कधी कधी तिला काही सांगावंसं वाटे, फिनलंडच्या बटाट्यांचं किंवा असंच काही. पण ते एवढ्या मोठ्याने ओरडून सांगण्यासारखं नसे.

तिसऱ्या आठवड्यात खड्डा चाळीस सेंटीमीटरवर पोचला. वर बागेची माती, खाली विटांचे तुकडे, गिट्टी आणि सिमेंटचा चुरा. घर चौऱ्याण्णव साली बांधलं तेव्हाचा तो थर. तेव्हा साधना नागपूरला हॉस्टेलवर होती. ती सुट्टीत आली तेव्हा घर उभं होतं आणि अंगणात माती टाकून झाली होती. त्या थराच्या तळाशी, कोपऱ्यात, मातीचा रंग एकदम लाल झाला. परातीएवढा भाजलेला डाग, मध्ये राख, थोडा कोळसा.

"बांधकामाच्या वेळी मजुरांनी कचरा जाळला असणार," तिने कॅमेऱ्याला सांगितलं. "असे डाग सगळीकडे सापडतात. फोटो घ्या, माप घ्या, पुढे चला."

तिने फोटो घेतला, माप घेतलं. चौकटी विझल्या. ती कपडे झटकत उठली तेव्हा मागे वॉकर घासल्याचा आवाज आला. पंजाबराव व्हरांड्याची एक पायरी एकट्याने उतरून अंगणात आले होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"बाबा! पडाल ना!"

त्यांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. ते खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबले आणि लाल डागाकडे बघत राहिले.

"हे तं चूल होय," ते म्हणाले. "तुह्या मायची."

साधनाने वाकून डागाकडे पुन्हा पाहिलं.

"घर बांधलं तवा सात महिने इथंसाच सैपाक करे ती. मिस्त्री अन् मजूर मिळून आठ जण. रोज सकाळी सेक्टरातल्या क्वार्टरातून यायची, डोक्शावर शिध्याचा डबा घेऊन. कधी पायीच ये. तीन इटा मांडल्या होत्या." त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडून दाखवलं. "तोंड इकडं, पाठ भितीकडं. मी ड्युटी सुटली का इकडंच येऊन जेवो."

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही!"

"तू इचारलं नाई."

ती खाली उतरली. ब्रशने डागाची कड झाडली, पाण्याचा फवारा मारला आणि उजेड होता तोवर जवळून पाहिलं. भाजलेल्या मातीच्या काठावर केसासारख्या बारीक रेघा होत्या, एकीवर एक. लिपणाचे थर. कोणीतरी ही जागा पुन्हा पुन्हा शेणामातीने सारवली होती. तिने चौदा मोजले आणि पुढचे एकमेकांत मिसळले. कचरा जाळलेली जागा कोणी सारवत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही तिने ही चूक करू दिली नसती. तेवीस जणांना रोज सांगून तिने स्वतः मात्र जे वाटलं तेच लिहिलं होतं. आणि तेही आईच्या बाबतीत.

वडिलांना धरून पायरीवर चढवताना तिला त्यांचा हात किती हलका झालाय हे कळलं.

दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला तिने चूक कबूल केली. लिपणाच्या रेघा कॅमेऱ्याला जवळून दाखवल्या. मग म्हणाली, "ही चूल वापरताना पाहिलेला माणूस या घरात आहे. तुम्हाला प्रश्न विचारायचे असतील तर मी भाषांतर करते."

पंजाबराव इस्त्रीचा शर्ट आणि स्वेटर घालून, मफलर बांधून खुर्चीत बसले. पडद्यावरच्या तोंडांना त्यांनी हात जोडले. तेवीस जणांनी आपापल्या परीने हात जोडले.

चिलीच्या मुलीने विचारलं, काय शिजायचं? साधनाने डाव्या कानाशी ओरडून विचारलं.

"भात. लाखोरीची डाळ. भाजी असंन तं भाजी. सनवारी वडे." ते थांबले. "मिस्त्री छत्तीसगढी होता, त्याले भात लागे. ढीगभर."

जपानच्या मुलाने विचारलं, सारवायच्या किती दिवसांनी?

"रोज. सकाळी आल्याबरोबर. मी म्हणो, घर झालं का मोडाचीच हाये, कायले सारवतं? तं म्हणे, जोवर हाये तोवर चूल होय."

साधनाने हे इंग्रजीत सांगितलं आणि तिकडे सगळे झरझर लिहू लागले. पंजाबरावांनी ते पाहिलं. कोणीतरी आपलं बोलणं लिहून घेतंय हे पाहून ते सावरून बसले. मग न विचारताच बोलू लागले. धूर कुठे जायचा. पाणी कुठून आणायची. ठेकेदार मधेच काम टाकून पळाला तेव्हा वच्छलाने मिस्त्रीच्या बायकोला साडी देऊन मिस्त्रीला कसा टिकवून धरला. एकदा अंगणात साप निघाला तर हिने भाकरी उलटून मगच आरडाओरडा केला. अर्धा तास झाला. चार महिन्यांत ते साधनाशी जितकं बोलले नव्हते तितकं बोलले. ती ओरडून विचारत होती, ऐकत होती, सांगत होती. बऱ्याच गोष्टी तीही पहिल्यांदाच ऐकत होती, पण थांबून ऐकायला वेळ नव्हता. पुढचं वाक्य यायचं.

मग घानाच्या मुलीने अगदी सरळपणे विचारलं, "आपण त्यांच्याशीच बोलू शकतो का? ज्या स्वयंपाक करायच्या त्यांच्याशी?"

साधना वडिलांच्या कानाशी वाकली. "मायशी बोलता येईल का म्हणते!"

पंजाबरावांनी पडद्याकडे पाहूनच उत्तर दिलं, त्या मुलीला.

"नाई बाई. चार वर्सं झाले गेली. नऊ दिवस दवाखान्यात होती. साधनाले बोलवा म्हणे. तीनदा म्हणली. मी म्हटलं, उद्या करतो फोन. उद्या करतो. मले वाटलं, बरी होईन."

तेवीस जण साधनाकडे बघत होते. पेनं थांबलेली.

आईने आपल्याला बोलावलं नाही, असं ती चार वर्षं धरून चालली होती. ती जॉर्डनला होती. फोन आला तो सगळं झाल्यावरच. तिने मनाशी अर्थ लावला होता. माय नेहमी म्हणायची, तुझं काम सोडून येत जाऊ नको. मग शेवटीही नकोच म्हणाली असणार. त्या समजुतीवर तिने जगणं उभं केलं होतं आणि ते बरं उभं राहिलं होतं.

"ते म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली, "चार वर्षांपूर्वी त्या वारल्या. नऊ दिवस दवाखान्यात होत्या."

एवढंच. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. कोणी "सॉरी" म्हणालं. तिने आभार मानले, पुढच्या तासाचं काम सांगितलं आणि चौकटी विझू दिल्या.

"समजलं त्याइले?" पंजाबरावांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"सगळं सांगतलं?"

"हो!"

ती त्यांच्या शेजारी व्हरांड्याच्या पायरीवर बसली. मैनाबाई आत पोळ्या लाटत होती. पुढचा प्रश्न विचारायला ओरडावं लागणार होतं, आणि ओरडून विचारण्याचा तो प्रश्न नव्हता. तरी तिने विचारला.

"मला का नाही केला फोन?"

पोळपाटाचा आवाज थांबला.

पंजाबराव बराच वेळ आपल्या गुडघ्यावरचा मफलरचा पदर सरळ करत राहिले. "तू येऊन-येऊन दोन दिवसांनी येशीन," ते म्हणाले. "अन् तवर ती उठून बसन. मंग म्हणशीन, उगीच काम सोडाले लावलं. तुह्या कामाचं मले काई समजे नाई, साधना. मोडलं तं परत भेटन का नाई, मले का मालूम." थोड्या वेळाने म्हणाले, "चुकलंच. मंग तुले सांगाले तोंडच नाई राह्यलं."

तिला रडू आलं नाही. राग यायला हवा होता, तो शोधला तर जागेवर नव्हता. तिथे काहीच नव्हतं. आत पोळपाट पुन्हा वाजू लागला. तिने उठून चहा ठेवला, त्यांच्या बशीत ओतला, आणि दोघं प्यायली.

अंधार पडता पडता मेसेज आला. मॉरिशसची लीशा गोविंदा. वर्गात फारशी न बोलणारी, नीट रेघा काढणारी मुलगी. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. "मॅडम, माझी आजी घरी मराठी बोलत होती. मला थोडं कळतं. बाबा बोलले ते मला कळलं. मी ते लिहिलं नाही."

साधनाने तो मेसेज चार-पाचदा वाचला. जगाच्या नकाशावर एवढ्याशा बेटावरच्या एका पोरीला ते ठाऊक होतं, जे या गल्लीत आजवर कोणाला ठाऊक नव्हतं. काय लिहावं ते तिला सुचेना. लांबलचक काहीतरी लिहिलं आणि पुसलं. शेवटी तिने पाठवलं, "धन्यवाद, लीशा. छेदाचं रेखाटन शुक्रवारपर्यंत दे." पाठवल्यावर वाटलं, हे काही बरं नाही. पण मग ते तसंच राहू दिलं.

त्या रात्री जेवताना पंजाबराव नेहमीसारखेच गप्प होते. एकदा ऐकलं म्हणजे सगळं बदलतं असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी, दूधवाला, गरम पाणी. फक्त एक झालं. चार वाजले की ते आपणहून मफलर बांधून खुर्ची खड्ड्याकडे वळवून बसू लागले. पोरं हात जोडायची, ते जोडायचे. कोणी त्यांना पुन्हा काही विचारलं नाही. खड्डा चुलीच्या खाली गेला, काळ्या मातीत, जिथे घर नव्हतं, कॉलनी नव्हती, नुसतं शेत होतं. तिथे काही सापडलं नाही. तेही लिहायचं असतं, असं साधनाने शिकवलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अभ्यासक्रम संपला. चूल असलेला कोपरा तिने न खणता तसाच ठेवला होता. खड्डा बुजवायच्या दिवशी तिने त्यावर कापड अंथरलं, मग वाळू, मग माती. मैनाबाई पहिल्यांदा आपणहून जवळ आली आणि घमेलं उचलून द्यायला लागली. संध्याकाळपर्यंत जागा सपाट झाली. मैनाबाईने त्यावर मेथी पेरायची ठरवली.

फेब्रुवारीत ओमानहून बोलावणं आलं. दहा आठवडे, पाच देशांचे विद्यार्थी. साधनाने ते वडिलांना दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ते आता काठीवर चालत होते.

"जा," ते म्हणाले. "मैनाबाई हाये."

"काही लागलं तर मला सांगायला सांगा तिला! लगेच! मी येईन!"

"सांगन."

"उद्यावर ढकलू नका!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नाई ढकलत," ते म्हणाले.

ओमानला वाळवंटाच्या कडेला तंबू होते. पोरं चांगली होती, हसरी, तिला नावाने हाक मारणारी. दिवसभर ती बोलत असे. संध्याकाळी पोरं चुलीभोवती आपापल्या भाषांत गाणी म्हणत, आणि ती थोडी लांब दगडावर बसे. मराठीत बोलायला तिथे कोणी नव्हतं. भिलाईतही तसं कुठे होतं, असं ती स्वतःला सांगे.

दर शुक्रवारी ती घरी व्हिडिओ कॉल करी. मैनाबाई फोन लावून पंजाबरावांच्या हातात देई. ऐकू तर येत नसेच, म्हणून साधना बोलायचं सोडून कॅमेरा खड्ड्याकडे वळवी. ते बघत. पिवळी माती, सुतळी, वाकलेली पोरं. कधी भुवया उंचावत, कधी मान हलवत. दोन-तीन मिनिटांनी त्यांना कंटाळा येई.

एका शुक्रवारी त्यांनी फोन बंद न करताच शर्टाच्या खिशात टाकला. पडदा काळा झाला. साधना बंद करणार होती, पण आवाज येत होते. काठी टेकल्याचा. पंख्याची कुरकुर. मैनाबाई कोणाला तरी मेथीचा भाव सांगत होती. मग खोकला, अगदी जवळून, आणि त्यानंतर नुसता श्वास.

मागून कोणीतरी तिला हाक मारली. एका मुलाला थर बदलल्यासारखा वाटत होता. तिने हात वर करून थांब म्हणून खुणावलं आणि फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.